अंगणातले शेठ

आप्पांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरं तर माझ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या बॅगेकडे पाहिलं. टपाल खात्यानं माझी बदली साताऱ्याहून थेट नंदुरबारला केली होती आणि मी रागातच खोली शोधत हिंडत होते. मिरची मार्केटच्या मागच्या गल्लीत एका घराचा वरचा मजला रिकामा आहे असं कळलं, म्हणून दारात जाऊन उभी राहिले. उंच, रुंद खांद्यांचा, पण मान किंचित पुढे आलेला एक म्हातारा बाहेर आला. त्यानं माझी बॅग एका हातानं उचलली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाला, "अठरा किलो शे. त्यामा पुस्तकं जास्त शेत." मग आत वळून ओरडला, "आयकं का वो, चहा ठेव, पुस्तकंवाली बाई उनी!" खोली मला द्यायची की नाही हे ठरायच्या आत बॅग जिन्यावरून वर गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी ती बॅग मुद्दाम ऑफिसात नेऊन पार्सलच्या काट्यावर ठेवली. किती भरली ते सांगत नाही. आप्पांचा मान राहिला एवढंच सांगते.

वजन ओळखणं हे आप्पांचं व्यसन होतं. गॅसचं सिलिंडर, टरबूज, शेजारणीचं बाळ, काहीही हातात आलं की आधी डोळे मिटायचे आणि मग आकडा. माणसांचं माप मात्र गोणीत. घरी आलेल्या पाहुण्याला पायरीवरच वरपासून खालपर्यंत न्याहाळून जिजींना सांगायचे, "हाऊ दीड गोनीना मानूस शे, भाकरी जास्त टाक." जिजी म्हणजे त्यांची बायको. त्या कपाळाला हात लावायच्या आणि भाकरी जास्तच टाकायच्या.

आणि दुसरं व्यसन म्हणजे गल्लीच्या कमरेची राखण. कुणी वाकून हंडा उचलला, पेटी उचलली, की ओट्यावरून गर्जना व्हायची, "कंबर नको वाकाडू! गुडघा वाकाड, गुडघा!" समोरच्या घरात नवीन सून आली. डोक्यावर पदर घेऊन बिचारी आप्पांच्या पाया पडायला वाकली, तर आशीर्वादाच्या आधी तिलाही हेच ऐकावं लागलं. मला तर सकाळी पाण्याची बादली उचलताना आजही मागून कुणीतरी ओरडेल असं वाटतं, आणि मी निमूट गुडघे वाकवते.

आप्पांनी उभा जन्म मार्केटमध्ये हमाली केली होती. एका मोठ्या व्यापाऱ्याच्या गोडाऊनवर त्यांची टोळी होती आणि ते टोळीचे मुकादम. हमाल जोडीनं काम करतात हे मला तोवर माहीत नव्हतं. पाठीवर गोणी घेणारा एक आणि ती त्याच्या पाठीवर नीट बसवून देणारा त्याचा जोडीदार. गोणी बोटभर जरी तिरकी बसली तरी घेणाऱ्याचा मणका बोंबलतो. त्यामुळे बायको बदलेल पण जोडीदार बदलणार नाही, असं आप्पा जिजींच्या देखत सांगायचे.

इथवर सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण अंगणात शेठ होते.

शेठ म्हणजे एक जुनाट फोर्कलिफ्ट. पुढे दोन लांब लोखंडी जिभा असलेली, ओझं उचलून वर चढवणारी डिझेलची गाडी. रंग कधीकाळी पिवळा असावा. सीटच्या जागी स्प्रिंगा उरल्या होत्या, टायर बसलेले, साखळ्या गंजून लाल. मोरी, तुळस आणि जिन्याची पहिली पायरी यांच्यामध्ये ते धूड असं बसलं होतं की मला रोज ऑफिसला जाताना अंग चोरून निघावं लागे, आणि तरी आठवड्यातून एकदा तरी साडीला ग्रीसचा डाग पडेच. मी एकदा वैतागून विचारलं, "आप्पा, याला शेठ का म्हणता?" तर म्हणाले, "मंग काय म्हनू? बठी ऱ्हातस, तेल खातस, काम काहीच करतस नही."

हे शेठ घरी कसे आले, ती गोष्ट मला जिजींनी भाकऱ्या थापता थापता सांगितली.

पुष्कळ वर्षांपूर्वी गोडाऊनच्या मालकानं ही गाडी नवी कोरी आणली होती. सोबत चालवायला सुरतेहून एक माणूसही आणला. टोळीला कळलं की आता आपली गरज संपली. सकाळी गाडी चालू व्हायच्या वेळी आप्पांनी कंबरेचा आकडा काढला. आकडा म्हणजे गोणीत अडकवून ती ओढायचं लोखंडी हूक, हमालाचं एकमेव हत्यार. तो त्यांनी गाडीसमोर जमिनीवर ठेवला आणि मांडी घालून बसले. त्यांच्या शेजारी त्यांचा जोडीदार बसला आणि मग एकेक करत सगळी टोळी. मालक चांगला माणूस होता, ओरडला नाही. म्हणाला, "भाई, इससे तुम्हारी पीठ बच जायेगी. याद रखना." आप्पा म्हणाले, "आम्हनं पोट आम्हनी पाठवर शे, मालक."

गाडी हरली. ती गोडाऊनच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेली, सुरतेचा माणूस परतीच्या गाडीनं गेला आणि टोळीनं आप्पांना खांद्यावर घेऊन मार्केटभर मिरवलं. नंदुरबारच्या मार्केटमध्ये अजूनही जुनी माणसं आप्पांना रामराम करतात तो त्या दिवसासाठी.

"मंग?" मी विचारलं. एव्हाना मलाही इथल्या बोलीचे चार शब्द यायला लागले होते.

जिजींनी भाकरी उलटली. "मंग काय. पाठी गयात."

टोळीतल्या एकेकाचे गुडघे गेले, मणके गेले. आणि एका पावसाळ्यात आप्पांचा जोडीदार ट्रकला लावलेल्या ओल्या फळीवरून मक्याच्या गोणीसकट खाली आला. तेव्हापासून त्याच्या पायांत जीव नाही. पलीकडच्या गल्लीत दारालगतच्या खाटेवर तो पडून असतो. ती गोणी त्याच्या पाठीवर बसवून दिली होती ती आप्पांनीच. नीट बसवली होती, तिरकी नव्हती, हे सगळी टोळी शपथेवर सांगते. आप्पांना मात्र कुणाची शपथ पुरत नाही. ते रोज संध्याकाळी जोडीदाराच्या खाटेशी जाऊन बसायचे, दोघं पत्ते खेळायचे, भांडायचे. गाडीसमोर बसलेल्या त्या सकाळचा विषय दोघांपैकी एकानंही कधी काढला नव्हता.

पुढे मालक वारला, गोडाऊन पाडून तिथे मंगल कार्यालय बांधायचं ठरलं. भंगारवाला गॅस कटर घेऊन गाडी कापायला आला. ही खबर आप्पांना कळली तशी ते चहा टाकून निघाले आणि गाडीसमोर पुन्हा मांडी घालून बसले. एकदा ती चालू नये म्हणून बसले होते, आता ती कापली जाऊ नये म्हणून. अख्खं मार्केट पोट धरून हसलं. भंगारवाला काकुळतीला आला, "आप्पा, उठा ना, मन्हा गॅस वाया जाई ऱ्हायना!" शेवटी मालकाचा मुलगा आला. त्यानं ही गोष्ट बापाकडून ऐकलेली होती. तो म्हणाला, "काका, ती तुमचीच आहे, घेऊन जा." ट्रॅक्टरला साखळी बांधून शेठ घरी आले आणि येता येता फाटकाचा एक खांब घेऊन गेले.

"पण कशाला?" मी जिजींना विचारलं.

"त्यास्लेच इचार."

मी विचारलं. आप्पा गाडीखाली झोपले होते, नुसते पाय बाहेर दिसत होते. मग गाडीखालून उत्तर आलं, "माले देखनं शे, मालक खरं बोलना व्हता का खोटं."

मला आधी नीट कळलं नाही. मग जिजींनी समजावलं. गाडी कुचकामी निघाली, तर आप्पा त्या सकाळी बरोबर होते. गाडी दणकट निघाली, गोण्या उचलायला लागली, तर टोळीच्या सगळ्या पाठी त्यांनी उगाच मोडवल्या, आणि जोडीदाराचे पायही. "चालनं नही तं बरं व्हई, ताई," जिजी म्हणाल्या. "चालनं तं यास्ले झोप येवाव नही."

आणि हा माणूस ती चालावी म्हणून जिवाचं रान करत होता! स्वतःवरच खटला भरून त्याचा पुरावाही स्वतःच गोळा करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

जिजींनी आपल्या परीनं खोडा घालून पाहिला. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी शेठच्या बुडाशी गिलक्याचं, म्हणजे घोसाळ्याचं, बी टोचलं. वेल साखळ्या धरून थेट वरपर्यंत चढला, पिवळी फुलं आली, गिलकी लोंबायला लागली. आप्पांना साखळ्या उतरवून धुवायच्या होत्या. ते कोयता घेऊन आले तर जिजी आडव्या आल्या. "गिलका उतरू द्या, मंग करा काय करनं शे ते." मालकासमोर न हललेले आप्पा गिलक्यासमोर हरले. ते पूर्ण दोन महिने दुरुस्ती बंद होती आणि आम्ही तिघंही गिलक्याची भाजी, गिलक्याची भजी, गिलक्याची चटणी खात होतो. मी तर गिलकं बघितलं की आता तोंड फिरवते.

वेल उतरला, तुळशीचं लग्न लागून लग्नसराई सुरू झाली आणि मग तो मिरचीचा प्रकार घडला.

एंजिन गरम होऊन बंद पडत होतं. आप्पांच्या मते रेडिएटरच्या जाळीत धूळ बसली होती. उपाय सोपा, हवेनं उडवायची. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर हातगाडीवर घालून आणला. शेजारी त्या दिवशी लग्नघर होतं, नवरदेवाला हळद लागत होती, मांडवात बायका गाणी म्हणत होत्या. आप्पांनी नळी जाळीला लावली आणि हवा सोडली. आता ही गाडी इतकी वर्षं उभी कुठे होती? मिरचीच्या गोडाऊनमध्ये. जाळीत, फिल्टरमध्ये, सीटखाली, सगळीकडे साठली होती ती धूळ नव्हती, मिरचीची भुकटी होती. आयुष्यभर मिरचीच्या गोण्या वाहिलेल्या माणसाला तिचा वास येईनासा झालेला असतो, त्यामुळे आप्पांना काही जाणवलंच नाही. लाल ढग फाटकावरून उठला आणि मांडवात शिरला.

गाणी बंद झाली. आधी एक शिंक आली, मग मांडवच्या मांडव शिंकायला लागला. हळदीनं माखलेला नवरदेव डोळे चोळत नळाकडे पळाला, हळदही डोळ्यांत गेली. ढोलकीवाला खोकत खोकत ढोलकी टाकून गेला. मी जिन्यात तोंडाला ओढणी बांधून उभी होते आणि नाकाडोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. ढग बसल्यावर नवरदेवाची आई तणतणत आली. तिच्यासमोर आप्पा नळी हातात धरून अपराधी चेहऱ्यानं उभे राहिले आणि म्हणाले, "लोके चार मिरच्या ओवाळतस. मी अख्खी गल्लीनी दृष्ट काढी टाकी." ती बाई ओरडायला आली होती, ती शिंकत शिंकत हसायलाच लागली. त्या लग्नात आप्पांना मानाचा टॉवेल मिळाला, हे नंदुरबारातच होऊ शकतं.

एंजिन त्यानंतर चाललं. आप्पांनी चाकं फिरवून बघायचं ठरवलं. ही गाडी मागच्या चाकांनी वळते, पुढे वळवायला गेलं की बूड बाहेर फेकते, हे त्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं. त्यांनी तुळस वाचवायला सुकाणू फिरवलं, तुळस वाचली आणि मागची मोरीची भिंत आडवी झाली. जिजी आतून म्हणाल्या, "बरं व्हयनं, तठे हवा येत नव्हती." नवी मोरी होईपर्यंत मला अंघोळीला वरच्या गच्चीवर पत्रे लावून घ्यावे लागले. चिडले होते मी. आठवडाभर बोलले नाही त्यांच्याशी.

पण खरं काम उचलण्याचं होतं आणि ते काही जमत नव्हतं. जिभा वर जायच्या आणि हळूहळू खाली यायच्या. सिलिंडरमधलं रबरी सील झिजलं होतं, तेल मागे गळत होतं. आप्पा जिजींचं दगडी जातं जिभांवर ठेवायचे, वर चढवायचे आणि समोर चहाचा कप घेऊन बसायचे. कप रिकामा व्हायच्या आत जातं जमिनीला लागलेलं असे. त्यांनी ट्यूब कापून लावून पाहिली, चामडं लावून पाहिलं. जातं प्रत्येक वेळी खाली आलं. जिजींचा चेहरा त्या दिवसांत उजळला होता. मी पण म्हटलं, "आप्पा, सोडा आता. झालं की. मालक खोटं बोलला."

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उगाच बोलले असं झालं. "फुटकं सील लायीसन देखं, नि मालक खोटा? असं नही चालस, ताई." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते सुरतेला गेले आणि भंगार बाजार पालथा घालून, झिजलेलं सील खिशात नमुन्याला ठेवून, तसंच नवं घेऊन आले.

ते बसवल्यावर जातं सकाळी वर गेलं. आम्ही चहा प्यालो. मी ऑफिसला गेले. संध्याकाळी आले तरी जातं जागेवर होतं. आप्पा समोरच बसलेले, सकाळच्याच जागी. मी त्यांना पेढे मागणार होते, पण चेहरा बघून जिना चढून गेले. जिजी म्हणाल्या, दुपारी जेवले नाहीत.

पुढे दसरा आला, त्या दिवशी यंत्राची पूजा करायची रीत. आप्पांनी त्या दिवशी टोळीला बोलावलं. उरलेले सगळे आले. कुणी काठी टेकत, कुणी नातवाच्या मोटारसायकलवर. आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी प्रत्येकानं आपला जुना आकडा आणला होता. झेंडूची माळ घातलेल्या शेठसमोर ते सगळे आकडे ओळीनं मांडले गेले, हळदकुंकू लागलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. जोडीदाराला मार्केटच्या हातगाडीवर गादी घालून आणलं. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. खांदे अजून आप्पांसारखेच रुंद, आणि खाली पांघरुणात पाय होते की नाही कळू नये इतके बारीक. आप्पांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

एका फळ्यांच्या चौकटीवर मक्याच्या गोण्या रचून ठेवल्या होत्या, टोळीचं निम्म्या सकाळचं काम. आप्पांनी आकडे बाजूला घेतले, जिभा चौकटीखाली घातल्या आणि दांडा ओढला. एंजिन घुमलं. साखळ्या ताणल्या आणि सगळी रास जमिनीवरून उठली, गच्चीच्या कठड्यापर्यंत गेली आणि तिथे राहिली. एक दाणा सांडला नाही. म्हातारे माना वर करून बघत राहिले. कुणी टाळी वाजवली नाही. एकानं नकळत हात मागे नेऊन स्वतःची कंबर दाबली, ते मी पाहिलं, आणि आप्पांनीही पाहिलं.

त्यांनी रास खाली ठेवली. एंजिन बंद केलं नाही. सुकाणूवर दोन्ही हात ठेवून मान खाली घालून बसून राहिले.

"उतर," जोडीदार हातगाडीवरून म्हणाला. "माले बठाड."

आप्पा उतरले. हातगाडीशी गेले, पाठ फिरवली आणि गुडघे वाकवले. टोळीतल्या दोघांनी जोडीदाराला दोन बाजूंनी उचलून त्यांच्या पाठीवर बसवलं, अगदी गोणी बसवतात तसं. जिजी ओरडल्या, या वयात, म्हणून. कुणी ऐकलं नाही. आप्पांनी त्याला नेऊन सीटवर ठेवलं. पायांचं काम नव्हतं, दांडे हातांचेच होते. जोडीदारानं दांडा ओढला, गोण्या वर गेल्या. ढकलला, खाली आल्या. पुन्हा वर, पुन्हा खाली. त्याच्या तोंडात दोनचारच दात उरले होते आणि ते सगळे दिसत होते.

"तव्हय जर मालक बोलता ना," तो एंजिनच्या आवाजावर ओरडून म्हणाला, "'ये रे, तू चालाड,' तं मी उठी जातू."

आप्पा त्याच्या गुडघ्याशी उभे होते. त्यांचा आवाज मला जेमतेम ऐकू आला. "मंग मी चुकनू."

जोडीदारानं गोण्या वरच थांबवल्या. वाकून आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

"चुकना," तो म्हणाला. "पन मी बी तुन्हा जोडेच बठेल व्हतू ना."